गजरामावशींचा खरारा

ड्राय ब्रशिंगला मराठीत काय म्हणतात, असं कोणी विचारलं तर मी पटकन सांगते, खरारा. समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा संशयानं बघतो, कारण खरारा घोड्याला करतात, बैलाला करतात, हे अजून बऱ्याच जणांना ठाऊक असतं. परवा माझ्या भाचीनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक मुलगी लांब दांड्याच्या ब्रशनं कोरडं अंग पायापासून वर घासत होती आणि त्यानं कातडी कशी मऊ होते, रक्त कसं खेळतं, ते सांगत होती. भाची म्हणाली, "हे नवीनच निघालंय गं आत्या." मी म्हटलं, "नवीन कसलं, आमच्या गजरामावशी..." आणि नेहमीसारखी मध्येच थांबले. गजरामावशींच्या गोष्टी मी खूप जणांना सांगितल्या आहेत, पण त्यातली एक गाळून सांगायची मला सवय लागली आहे. आज ती गाळायची नाही असं ठरवून लिहायला बसले.

मी तेव्हा लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टमध्ये स्पाची मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे टॉवेल मोजायचे, पाहुण्यांशी गोड बोलायचं आणि शेठसमोर गप्प बसायचं. तिन्हीत मी तरबेज होते. गजरामावशी आमच्याकडे फरशी पुसायला होत्या. राहायला भाज्याला. तिथून चालत मळवली स्टेशनला यायच्या आणि मग एकच स्टेशन गाडीनं. वय पन्नाशीच्या पुढे, उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला हसावं की उत्तर द्यावं ते कळू नये. त्यांच्या दोन्ही हातांवर कोड होतं. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत हात पांढरे आणि वर दंड चांगला सावळा. त्या स्वतःच म्हणायच्या, "देवानं चुन्याच्या डब्यात हात घालून ठिवला माजा, आन् काढायचा इसारला."

स्पामध्ये ड्राय ब्रशिंग सुरू करायचं ठरलं, तेव्हा मुलींना शिकवायला पुण्याहून सायली नावाची ट्रेनर आली. आमच्या मुली एकमेकींच्या हातावर ब्रश फिरवत होत्या आणि खिदळत होत्या. कोपऱ्यात पोछा मारणाऱ्या मावशी थांबून बघायला लागल्या.

"काय झालं मावशी?" सायलीनं विचारलं.

"काय न्हाई. पोरी धूळ झटकत्यात. खरारा असा नसतो."

आणि पोछा भिंतीला टेकवून त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, ब्रश घेतला आणि सायलीचा उजवा हात आपल्या हातात धरला. मावशींच्या वडिलांची शर्यतीची बैलजोडी होती. मावळात शर्यतीच्या बैलाचे लाड जावयाच्याही वाट्याला येत नाहीत. त्या बैलांना रोज खरारा करायचं काम लहानपणापासून मावशींकडे होतं. त्यांच्या उजव्या हातात ब्रश, आणि ब्रश जिथून पुढे गेला तिथून मागोमाग डावा तळवा हलकेच फिरायचा. सायली म्हणाली, "मावशी, यात दुसऱ्या हाताचं काम नसतं."

"हाये की. उजवा घासतो, डावा इचारतो."

"काय विचारतो?"

"लागलं का म्हनून."

 एक हात झाल्यावर कोणी न सांगता सायलीनं दुसरा हात पुढे केला. दुपारी ती मला म्हणाली, "या बाईंना फरशीवर का ठेवलंय तुम्ही?" दुसऱ्या दिवसापासून मावशी ब्रशिंगला लागल्या.

एकाच गोष्टीवरून दोघींचं वाजलं. सायलीचा नियम असा की पायापासून सुरू करायचं आणि प्रत्येक हात हृदयाच्या दिशेनं न्यायचा. मावशींचा चेहरा पडला. "म्हंजी केसाच्या ओढीच्या उलटं? बैलाला असं घासलं तर लाथ घालंल तो."

"माणसं लाथ मारत नाहीत, मावशी."

"हितं येनारी न्हाई मारायची," मावशी म्हणाल्या आणि ऐकलं त्यांनी. पण पुढे प्रत्येक वेळी, पहिला ब्रश तळपायाला लावण्याआधी, त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायच्या. मला वाटलं देवाचं नाव घेतात. विचारलं तर म्हणाल्या, "माफी मागते. उलटं घासायचं असतंय ना."

पहिल्याच आठवड्यात एका पाहुण्या बाईनं त्यांचे हात पाहिले, अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि दुसरी मुलगी पाठवा म्हणाली. शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं. मावशींना परत फरशीवर टाका, म्हणाले. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी माझ्यातली हुशारीही जागी झाली. मी म्हटलं, ब्रशला दांडा आहे, हात लागायचा प्रश्नच नाही, आणि वर पांढरे सुती हातमोजे घालू, उलट जास्त टापटीप दिसेल. शेठ खूश झाले. मी तर त्यांच्याहून खूश. एका बाईचं काम वाचवलं या आनंदात मी मोज्यांचे सहा जोड मागवले आणि पहिला जोड ट्रेमध्ये ठेवून मावशींपुढे केला. त्यांनी मोजे उलटसुलट करून पाहिले. "पांढऱ्यावर पांढरं," म्हणाल्या आणि घातले. सुती तळवा अंगावरून फिरला की पाहुण्यांना गुदगुल्या व्हायच्या, म्हणून डावा हात वापरायचं मीच बंद करायला लावलं. त्या दिवसापासून तो डावा हात त्यांच्या पाठीमागे गेला.

ट्रेमध्ये ठेवून, हे मी मुद्दाम लिहिलं. चार वर्षांत मी एकदाही मावशींच्या हाताला हात लावला नाही. चहाचा कप टेबलावर ठेवायचा, किल्ली हुकाला अडकवायची, प्रसाद कागदावर. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही हे मला पाठ होतं. पाहुण्यांना मीच ते समजावून सांगायचे. तरी माझा हात पुढे व्हायचा नाही, आणि हे कोणाच्या लक्षात येत नसेल अशी माझी खात्री होती.

मावशींना सगळ्यात जड गेलं ते त्या कामाचं इंग्रजी नाव. पाहुण्यांना विचारायचं होतं, "ड्राय ब्रशिंग करणार का?" मावशींच्या जिभेवर ते "डाय बरशिंग" झालं. एक बाई आल्या होत्या, केस चांगले काळेभोर रंगवलेले. मावशींनी दारातच अदबीनं विचारलं, "डाय करायचाय ना तुमाला?" त्या बाई तरातरा माझ्याकडे आल्या. माझे केस पांढरे दिसतात का, असं त्यांनी मला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मला नाही म्हणावं लागलं. मागे मावशी उभ्या होत्या, त्या मनापासून म्हणाल्या, "केस न्हाई ओ बाई, समद्या अंगाला करायचाय." त्या बाई आरसा बघायला गेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत.

त्यानंतर मावशींनी इंग्रजीचा नाद सोडला आणि सरळ खरारा म्हणायला लागल्या. साताऱ्याकडच्या एक बाई त्यावर म्हणाल्या, "अहो, खरारा घोड्याला करतात." मावशी म्हणाल्या, "व्हय. पन घोड्याला कोन इचारून करत न्हाई. तुमाला इचारते मी." बाई हसल्या आणि आत गेल्या. वर्षभरात पाहुण्या फोनवरच विचारू लागल्या, खरारावाल्या मावशी आहेत का. शेठनं दरपत्रक नवीन छापलं तेव्हा ड्राय ब्रशिंगच्या खाली बारीक अक्षरात खरारा आलं. मावशींना वाचता येत असे. त्यांनी ते कार्ड आठ दिवस पिशवीत घालून भाज्याला नेलं आणि आणलं.

पावसाळ्यात आमच्याकडे दर वर्षी एक संकट यायचं. लोणावळ्याच्या दमटपणात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे डुकराच्या केसांच्या ब्रशांची काय कथा. धुतलेले ब्रश चार-चार दिवस वाळायचे नाहीत. मावशींची चुलत बहीण बाजारपेठेत एका चिक्कीच्या कारखान्यात होती. मावशी दुपारच्या सुट्टीत सगळे ब्रश धुतलेल्या फडक्यात बांधून न्यायच्या आणि भट्टीच्या मागच्या भिंतीवर ठेवून कडकडीत वाळवून आणायच्या. मला हे कळलं ते एका पाहुण्या बाईंमुळे. तुम्ही हे कुठलं तेल वापरता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, यात तेल नसतंच, कोरडंच असतं. त्या म्हणाल्या, "मग मला गुळाचा वास का येतो?"

माणूस कोणत्या अवस्थेत आलाय ते मावशींना ब्रश लावल्यावर कळायचं. दोन फोन घेऊन आलेल्या मुंबईच्या एक साहेबीण बाई खरारा चालू असतानाच घोरायला लागल्या. वेळ संपली तरी मावशी दार लावून बाहेर पोछा घेऊन पहाऱ्याला उभ्या. मी म्हटलं, पुढच्या पाहुण्या बसल्यात. "बसू द्या. दोन दिस डोळ्याला डोळा न्हाई त्यांचा." त्यांनी सांगितलं का तुम्हाला, असं विचारलं तर म्हणाल्या, "कशाला सांगत्यात. खांदा धरून ठिवलाय. टेम्पोतनं लांबून आनलेला बैल आसाच उभा ऱ्हातो." मग मीच पुढच्या बाईंना दोनदा चहा पाजला.

स्वतःविषयी त्या फार कमी बोलायच्या. एकदाच, चहा पिताना, सहज सांगितलं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बोटांवर पहिले ठिपके उठले. सासूनं त्यांच्या हातचं पाणी बंद केलं, मग भाकरी, मग एक दिवस दीर येऊन भाज्याला सोडून गेला. "आमच्या आबांनी गोठ्याकडं बोट केलं आन् म्हनले, जा, बैलं वाट बघत्यात. बैलाला कुटं रंग दिसतोय." तेव्हापासून वडील होते तोवर आणि गेल्यावरही, रोज सकाळी खरारा. मध्ये शर्यतींवर बंदी आली, लोकांनी बैल विकले. मावशींनी पाखऱ्या नावाचा शेवटचा बैल ठेवला आणि त्याचा खरारा एक दिवस चुकवला नाही. लोक हसायचे. त्या म्हणायच्या, "बंदी शर्यतीला हाये, खराऱ्याला न्हाई." मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हिला मोजे घालायला लावून आपण काहीतरी चुकतो आहोत. पण वाटणं वेगळं आणि करणं वेगळं, आणि पाहुण्यांची वेळ झाली होती.

ठाण्याहून एक आजी यायच्या, दर दोन महिन्यांनी, मुलीबरोबर. गुडघे दुखायचे, कातडी सैल आणि कोरडी, आणि मावशींशिवाय कोणाला अंगाला हात लावू द्यायच्या नाहीत. दोघींची गट्टी होती. ऐंशी ओलांडल्यावर आजींची कातडी फार पातळ झाली. एका शुक्रवारी, उद्या आजी येणार म्हणून मी यादी करत होते तेव्हा मावशी काउंटरपाशी आल्या.

"म्याडम, आजींच्या येळेला मोजे काढू का? मागल्या बारीला कातडं लय नाजूक लागलं. मोज्यातनं मला कळंना."

"नको मावशी. मुलगी बरोबर असते. तिनं पाहिलं तर?"

"डावा तरी काढते. एकच."

"नको म्हटलं ना. हलक्या हातानं करा."

"हलकंच करते मी," त्या म्हणाल्या. "पन हलकं किती, ते डावा सांगतो."

मी यादीतलं पुढचं नाव लिहायला घेतलं. त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी आजींच्या नडगीवर ब्रशनं बोटभर कातडी सोलली गेली. रक्त फार नव्हतं. आजी स्वतः काही म्हणाल्या नाहीत, पण मुलीनं फोटो काढले आणि शेठच्या केबिनमध्ये जाऊन बसली. ती गेल्यावर शेठनं आम्हा दोघींना बोलावलं. मावशी दाराशी उभ्या होत्या, हातात मोजे तसेच. शेठनं मला विचारलं, "झालं कसं हे?"

सांगण्यासारखं एकच वाक्य होतं. त्या मोजे काढू द्या म्हणत होत्या आणि मी काढू दिले नाहीत. शेठ मला काही फासावर देणार नव्हते, फार तर आवाज चढवला असता. मी म्हटलं, "जोर जास्त पडला असेल."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बैलाच्या अंगावर ब्रश एखाद्या जागी अडला तर बघतील तसं पाहिलं. शेठ म्हणाले, उद्यापासून फरशीवर. मावशींनी दोन्ही मोजे काढले, नीट घडी घातली आणि शेठच्या टेबलाच्या कडेवर ठेवले.

"फरशी पुसायचा कमीपना न्हाई मला, शेट. पन फरशीला कळत न्हाई कोन पुसतंय. आता न्हाई जमायचं ते," असं म्हणून त्या गेल्या. दारात त्यांनी पायपुसण्याचं वळलेलं टोक सवयीनं सरळ केलं. मी त्यांच्या मागे गेले नाही.

दोन महिन्यांनी ठाण्याच्या आजींचा फोन आला, मुलीच्या नकळत. खरारावाल्या बाईकडे मला घेऊन चला म्हणत होत्या. "ती मला दोनदा विचारत होती हो, लागतं का म्हणून. मलाच पायाचं कळत नाही हल्ली." मी फोन ठेवला आणि सोमवारी सुट्टी टाकून मळवलीला उतरले. आजींचा निरोप द्यायचा होता, हे खरंच होतं. पण निरोप फोनवरही देता आला असता.

लेणी बघायला आलेली रविवारची गर्दी सरून भाजे शांत झालं होतं. मावशींचं घर विचारावं लागलं नाही, त्या अंगणातच होत्या. पाखऱ्या खुंटीला बांधलेला, म्हातारा, शिंगांची टोकं झिजलेली. मावशींचा उजवा हात खराऱ्यात आणि त्याच्यामागे डावा, उघडा, पांढरा तळवा बैलाच्या सावळ्या अंगावरून फिरत होता. चार वर्षं मी त्या हाताला पाठीमागेच पाहिलं होतं. तो कामात इतका देखणा दिसतो हे मला माहीत नव्हतं. मी उगाच खोकले.

"या म्याडम," मागे न बघता त्या म्हणाल्या. "आजींचा पाय बरा हाये का?"

"बरा आहे. त्यांना यायचंय तुमच्याकडे."

"घिऊन या. वट्यावर बसवू. गावातल्या दोघी-तिघी येत्यात, भाताच्या लावणीनं पाय उललेल्या."

मी वाटेत पाठ करून आलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं. "मावशी, मोजे काढू नका असं मी सांगितलं होतं. शेठला मी ते बोलले नाही."

"म्हाईत हाये मला. तितंच उभी व्हते की मी."

 मावशींनी पाखऱ्याच्या पाठीवर थाप मारली, रांजणातलं पाणी घेऊन हात कोपरापर्यंत धुतले आणि पदराला पुसत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ट्रे आनलाय का?"

माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. चार वर्षं मला वाटत होतं, कोणाच्या लक्षात आलं नसेल.

"न्हाई ना? मंग हात आना इकडं."

मी ओट्यावर बसले. त्यांनी कोनाड्यातून फडक्यात गुंडाळलेला एक ब्रश काढला आणि माझी बाही दंडापर्यंत वर सारली. माझं मनगट त्यांनी धरलं. हात गार होता आणि खरखरीत, इतर कोणाच्याही कामाच्या हातासारखा.

"सायलीबाईंच्या पद्धतीनं करू, का आमच्या?"

"तुमच्या."

ब्रश खांद्याकडून खाली आला, केसांच्या ओढीनं, आणि त्याच्या मागोमाग डावा तळवा आला. तो टेकला तसा माझा हात थरारला आणि चांगला वीतभर मागे आला. ती गुदगुली होती, की चार वर्षांची जुनी किळस होती, मला आजही सांगता येणार नाही. मला रडूच आलं. मावशींनी मनगट सोडलं नाही, ओढलंही नाही. मी स्वतः हात परत आणीपर्यंत त्या थांबल्या.

"पयल्या खेपेला पाखऱ्या बी आसाच थरारला व्हता, पोरी," त्या म्हणाल्या. "मंग वळखायला लागला."

इतक्या वर्षांत त्यांनी मला म्याडमशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. त्या घासत राहिल्या, डावा विचारत राहिला. एक हात झाल्यावर मी दुसऱ्या बाहीचं बटण काढलं आणि तोही पुढे केला.